डाक आवृत्तीचा खुलासा

या हिवाळ्यात एका दुपारी माझ्या फोनवर वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणाचा फोटो आला. नागपूरच्या ओळखीतल्या कुणीतरी तो पुढे पाठवला होता. खाली मजकूर होता, "सासू बसली होती, आता सूनही बसणार. मत वाया घालवू नका." उमेदवार बसला म्हणजे त्यानं ऐनवेळी दुसऱ्याला पाठिंबा देऊन टाकला, हे निवडणुका पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. कात्रण पस्तीस वर्षांपूर्वीचं होतं. मधोमध घडी, डाव्या कोपऱ्यात तेलाचा डाग. बातमीवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं 'आमच्या वार्ताहराकडून' असं होतं.

तो वार्ताहर मी. आणि ती बातमी खोटी आहे.

मी नाशिकचा, पण नोकरीची सव्वीस वर्षं नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून, बातम्याही लिहीत, काढली. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती. शहराला वळसा घालून जाणाऱ्या एका मतदारसंघात सुलोचनाताई अपक्ष उभ्या होत्या. प्राथमिक शाळेतली नोकरी सोडून त्या उभ्या राहिल्या त्या नळासाठी. शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि त्यापलीकडच्या गावांत बायका लांबून पाणी आणत. ताईंची निशाणी होती शिडी.

मतदानाच्या चार दिवस आधी एका मंडळानं सगळ्या उमेदवारांना एकाच मंचावर बोलावलं. सभा रात्री आठ वाजता. आमची डाक आवृत्ती, म्हणजे पहिल्या एसटीनं गावोगाव जाणारी, साडेआठला छपाईला जायची. त्यामुळे सभांच्या बातम्या आम्ही आधीच लिहून ठेवत असू. 'अलोट गर्दी', 'टाळ्यांचा कडकडाट' हे सगळं चार वाजताच लिहून व्हायचं. सगळीच वर्तमानपत्रं तसं करत आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. त्या दुपारी एका मोठ्या उमेदवाराचा माणूस कचेरीत आला आणि म्हणाला, सुलोचनाताई आज मंचावरून आमच्या साहेबांना पाठिंबा देणार आहेत. ताईंचं घर सायकलवर वीस मिनिटांवर होतं. मी विचारायला गेलो नाही. 'पाठिंबा जाहीर केला' असं लिहून दिलं.

सभेत ताईंनी माईक घेऊन सांगितलं, मी बसलेली नाही आणि बसणार नाही. आमच्या छायाचित्रकाराचा फोन आला तेव्हा डाक आवृत्ती यंत्रावर चढली होती. शहर आवृत्तीत मी बातमी बदलली. दुसऱ्या दिवशी शहरानं खरं वाचलं आणि गावांनी खोटं. मग ताईंचं हातानं लिहिलेलं पत्र आलं, खुलासा छापा म्हणून. ते माझ्याच टेबलावर आलं. त्यावर लाल पेन्सिलीनं 'जागेअभावी' असं लिहून मी ते खणात टाकलं. संपादकांना दाखवलं असतं तर मूळ बातमी कुणी दिली, असा प्रश्न आला असता.

ताई पडल्या. त्या तशाही पडल्या असत्या, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

कात्रण पाहून मी मुलाला म्हटलं, मला नागपूरला जायचंय. तो म्हणाला, "फोन करून सांगा ना." पण फोनवर काय सांगणार? एवढी वर्षं फोन होताच की. शेवटी त्यानं तिकीट काढून दिलं आणि गुडघ्याचा पट्टा बॅगेत टाकला. मफलर मात्र दोघंही विसरलो. ती चूक पुढे मला चांगलीच भोवली.

गांधीबाग

उतरलो ते वसंताकडे. आमच्या दैनिकात तो पानं लावायचा. तेव्हा बातम्या चकचकीत कागदावर निघायच्या, त्या ब्लेडनं कापून पानावर चिकटवायच्या. वसंताचा हात इतका सरळ की पट्टी लागत नसे. दैनिक बंद पडल्यावर तो घरी बसला आणि मुलानं गांधीबागेत कापडाचं दुकान घेतलं.

नाशिकच्या वाचकांना गांधीबाग सांगायची तर अशी की, गल्लीत शिरल्यावर आकाश दिसत नाही, कापड दिसतं. एरवी तिथं साड्या आणि परकराचं कापड. निवडणुकीत मात्र सगळी गल्ली गळ्यातल्या दुपट्ट्यांनी भरून जाते. वसंताच्या मुलाच्या दुकानात एकाच दोरीवर झाडून सगळ्या पक्षांचे दुपट्टे टांगले होते. एकमेकांना घासत, अगदी गुण्यागोविंदानं. मी असेपर्यंत दोन विरोधी उमेदवारांची माणसं एकाच बाकावर चहा पीत माल बांधून होण्याची वाट पाहत बसली होती.

"इथं भांडत नाहीत?" मी विचारलं.

"इथं काहून भांडतीन?" वसंता म्हणाला. "इथं कॅमेरा कुठं आहे?"

जेवायला गोळाभात होता. भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून, तिखटमीठ घालून गोळे करतात आणि ते भातावर वाफवतात. पानात गोळा भातात कुस्करायचा आणि वर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची. आपल्याकडे भातावर तूप घेतात. इथे तेल घेतात आणि तेही कमी पडलं तर वाढणारीला बोल लागतो. वसंताच्या सुनेनं माझ्या भातावर पळी रिकामी केली. मी हात आडवा धरला तर म्हणाली, "काका, नाशिकची सवय नाशिकले ठेवा."

जेवण झाल्यावर मी वसंताला फोटो दाखवला. त्यानं चष्मा काढून फोन नाकाजवळ नेला.

"माहीच लावणी आहे," तो म्हणाला. "पाह्य, किती सरळ."

"बातमी माझी होती."

"मले माहीत नाही का? मी तुले इचारलं बी होतं, मधुभाऊ. सभा झाली का म्हणून. तू म्हणला, होईल. म्हणून लावली."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं. पस्तीस वर्षं तोही ते धरून होता आणि मला कधी बोलला नव्हता.

"मग तू तेव्हा अडवलं का नाहीस?"

"मी पेस्टर, तू उपसंपादक. मी कायले अडवू?" त्यानं फोन परत दिला. "जाऊन येजो तिच्याकडे. पन जेवून जाजो, तिथं चहा मिळंलच असं नाही."

कळमना रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की रस्त्यावरची कुत्री चहाच्या शेगडीला चिकटून बसली होती. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ऐकून माहीत असतो. हिवाळ्याबद्दल कुणी सांगत नाही. वसंताच्या मुलानं दोरीवरचा एक जाडसर दुपट्टा ओढून माझ्या कानांभोवती गुंडाळला आणि मला ऑटोत बसवलं. इथे रिक्षाला ऑटो म्हणतात. रिक्षा म्हटलं की सायकलरिक्षावाला थांबतो आणि नंतर रागावतो.

सुलोचनाताईंचं घर कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वस्तीत आहे. दारात सात-आठ बायका मतदारांच्या चिठ्ठ्या गल्लीवार लावत बसल्या होत्या. मी ऑटोतून उतरलो आणि त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग एकीला हसू फुटलं.

"काका, रस्ता चुकले का जी? तुमचं ऑफिस मागच्या चौकात आहे."

मी गळ्याशी हात नेला तेव्हा लक्षात आलं. माझ्या कानांवर प्रतिस्पर्धी पक्षाचा दुपट्टा होता, चिन्हासकट. मी तो घाईनं काढायला लागलो तर तो चष्म्याच्या काडीत अडकला आणि चष्मा चिठ्ठ्यांच्या ढिगात पडला. ज्या बाईनं तो उचलून दिला ती चाळिशी ओलांडलेली, पदर खोचलेली आणि घसा पूर्ण बसलेली. तीच उमेदवार, ताईंची सून रंजना. शिवणाचे वर्ग चालवते, महापालिकेला अपक्ष उभी होती.

"राहू द्या, थंडी आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उलटा करून बांधा फक्त."

तो उलटा दुपट्टा बांधूनच मी आत गेलो.

सुलोचनाताई खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, माझ्याहून एका वर्षानं मोठ्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली त्यांच्या वडिलांचा फोटो. फोटोत वडिलांच्या अंगावर छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाचे पांढरे कपडे होते. मी बसण्याआधीच सांगायला लागलो. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा प्यायल्यावर मला ते सांगता आलं असतं की नाही, शंका आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही सभेले होते?"

"नव्हतो."

"काहून?"

"बातमी आधीच लिहून झाली होती."

"मले इतके वर्ष वाटे, कोन्या तरी मोठ्या मानसानं डाव साधला. मी त्याचं नाव बी ठरवून टाकलं होतं. लग्नात भेटला तं तोंड फिरवत होती मी त्याच्याकडून." त्या थांबल्या. "आन तुम्ही नुसते घाईत होते."

"हो."

"आन माही चिठ्ठी?"

"मीच खणात टाकली."

"मंग तिथं तं घाई नव्हती," त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली, ताटावरची माशी सारावी तशी.

"मले माफी मागून काय होते जी? मी काय बोलली ते मले माहीत आहे. या वस्तीले बी माहीत आहे, इथं शहराचा पेपर येत होता. ज्याले माहीत नाही त्याले सांगा."

"कुणाला?"

"कमलीले. बेसाच्या."

कमलाबाईंचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. बेसा तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं आणि कमलाबाई तिथल्या शेतकरी घरातली धाकटी सून. नळाच्या मोर्चात दोघींची गाठ पडली. निवडणूक लागली तेव्हा कमलाबाईंनी घरची बंडी, म्हणजे बैलगाडी, स्वतः जुंपली. बॅटरीवरचा भोंगा बांधून सुलोचनाताईंना गावोगाव फिरवलं. सासऱ्यानं बोलून पाहिलं, दिरानं बैल लपवून पाहिले. सून बंडी हाकते आणि तीही दुसऱ्या समाजातल्या बाईसाठी, यावर गावात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून झालं होतं. सभेलाही त्या गावातल्या बायका बंडीत भरून घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसात डाक आवृत्ती पोचली.

"मी तिच्या दारात गेली," ताई म्हणाल्या. "तिनं दार उघडलं नाही पुरतं. फटीतून म्हणे, जाय बाई, मले अजून या घरात राहाचं आहे. त्याच्यानंतर आजपर्यंत बोलली नाही."

रंजना दाराशी उभी राहून ऐकत होती. "आई, बेसा आपल्या प्रभागात नाही. तिथं आपलं एक मत नाही. काकांचा आधी व्हिडिओ होऊ द्या ना. ते कात्रण घरोघरी फिरून राहिलं आहे."

"तुही निवडणूक तू लढ," ताई म्हणाल्या. "ही माही आहे."

शेवटी ठरलं की उद्या सकाळी बाजारात व्हिडिओ करायचा आणि तिथून बेसाला जायचं. चहा आला, साखर जरा जास्तच होती. बाहेरच्या बायकांनी मुद्दाम घातली असावी.

कळमना

कळमन्याच्या बाजारात उजाडताच प्रचार सुरू होतो, कारण नंतर हमालांना बोलायला सवड नसते. संत्र्यांचे ढीग जमिनीवर गवत अंथरून लावलेले असतात. आपल्याकडे द्राक्षं बाळंतिणीसारखी जपून हलवतात. इथे संत्री टोपल्यातून घळघळ ओततात आणि घरंगळलेलं फळ ज्याच्या पायाशी जाईल त्याचं, असा रिवाज दिसला. माझ्या पायाशी तीन आली. मी ती परत ढिगावर ठेवली तर व्यापारी नाराज झाला.

रंजनाची प्रचाराची रीत पाहण्यासारखी होती. भाषण नाही. शिलाई मशीनचं चित्र असलेला कागद देऊन ती समोरच्याला विचारी, "तुमच्या गल्लीतली नाली कोनत्या बाजूनं तुंबते?" आणि उत्तर वहीत लिहून घेई. कुणाला जयभीम, कुणाला रामराम, कुणाला सलाम. चेहरा पाहण्याआधीच तिला काय म्हणायचं ते कळत होतं. एका हमालानं डोक्यावरची टोपली न उतरवता विचारलं, "ताई, निवडून आल्यावर वळखसान का?"

"आत्ता वळखते ते काय कमी आहे? तू शकुनबाईचा मोठा ना? तुह्या बायकोचं ब्लाऊज शिवून पडलं आहे, घेऊन जाजो."

सगळे हसले. हमाल टोपलीसकट लाजला.

मग नेहा आली. ती एका बातम्यांच्या पोर्टलची वार्ताहर. हातात माईक, पाठीवर पिशवी, बरोबर दुसरं कुणी नाही. चित्रण, निवेदन, जोडणी सगळं तीच करते. आमच्या वेळी या कामाला चार माणसं लागत आणि तरी भांडणं होत. तिनं मला संत्र्यांच्या ढिगासमोर उभं केलं, दुपट्टा काढायला लावला आणि फोन तपासायला दिला, "नाव बरोबर आहे ना सर?"

फोनवर चौकट तयार होती. वसंताच्या सुनेनं पाठवलेला माझा जुना फोटो, रंजनाचा फोटो आणि मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'ज्येष्ठ पत्रकाराचा रंजनाताईंना जाहीर पाठिंबा!'

"मी अजून बोललोच नाही," मी म्हटलं.

"आधी करून ठेवावं लागते, सर. मंग वेळ नाही राहत. अजून तीन जागी जायचं आहे."

"पण मी पाठिंबा द्यायला आलेलो नाही. माझी एक बातमी खोटी होती, एवढंच सांगायचंय."

"हो, पन म्हणजे सपोर्टच ना?"

मला तिला रागावता येईना. मी त्या पोरीला वीस मिनिटं घालवून डाक आवृत्तीची सगळी हकिकत सांगितली. मध्ये तिचा फोन दोनदा वाजला, तिनं उचलला नाही. ऐकून झाल्यावर तिनं पिवळी अक्षरं पुसली आणि लिहिलं, 'माझी बातमी खोटी होती.' मग म्हणाली, "सर, हे चालणार नाही. कोनी पाहत नाही असलं." पण तिनं ते तसंच टाकलं. तिचं म्हणणंही खरं ठरलं. व्हिडिओ कुणी फारसा पाहिला नाही, कात्रण फिरतच राहिलं.

निकाल मला नाशिकला आल्यावर कळला. रंजना तिसरी आली. फोनवर तिचा आवाज अजून बसलेलाच होता. म्हणाली, "काका, नाल्यांची वही भरली आहे. जो निवडून आला त्याले नेऊन दिली. वाचंल का नाही माहीत नाही."

बेसा

बाजारातून आम्ही परत ताईंच्या घरी गेलो. ताई नवी पांढरी साडी नेसून, पायांत मोजे घालून तयार होत्या. ऑटोत त्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. रंजना आली नाही, तिची चौकात सभा होती.

बेसा आता खेडं राहिलेलं नाही. ताईंनाच पत्ता सापडेना. एकेका चौकात त्या म्हणत, "इथं चिंच होती," आणि तिथे एखादी सात मजली फ्लॅटची इमारत उभी असे, गच्चीवर कुंड्या आणि दारात सुरक्षारक्षक. त्याला कमलाबाईंचं नाव विचारलं तर त्यानं फ्लॅट नंबर विचारला. अखेर एका दूधवाल्यानं दाखवलं. दोन उंच इमारतींच्या मध्ये एक बसकं स्लॅबचं घर, शेजारी गोठा. गोठ्यात गाय नव्हती, मोटारसायकल होती.

ताई उतरल्या नाहीत. "तुम्ही जा. तिनं बोलावल्याबिगर मी येत नाही."

कमलाबाई अंगणात उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. बारीक चणीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. इमारतींच्या सावलीमुळे तिथे ऊन थोडाच वेळ येत असावं. ऊन सरकेल तशा त्या सूप घेऊन सरकत होत्या. मी नाशिकहून आलो, पूर्वी पेपरात होतो, एवढं सांगितल्यावर त्यांनी पाट पुढे केला आणि शेंगांचा एक वाटा माझ्यासमोर ओतला.

"हात चालू द्या. बोलता बोलता होऊन जातीन."

त्यामुळे मी माझी कबुली शेंगा सोलत दिली. नखं हिरवी झाली. सभा, साडेआठची वेळ, न विचारता लिहिलेली बातमी, खणातलं पत्र, सगळं सांगितलं. सूप भरत आलं.

"मी होती त्या सभेत," त्या म्हणाल्या.

"ताईंनी सांगितलं."

"पुढंच बसली होती. माह्या कानानं आयकलं. मी बसली नाही म्हणे ती, बसणार नाही. आम्ही सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन सासऱ्याले सांगितलं मी, छाती काढून."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मग तुम्हाला माहीत होतं की ती बातमी खोटी आहे."

"कसं काय माहीत असंल? सकाळी पेपर आला. दिरानं चावडीवर वाचून दाखवला. मले वाटलं, आम्ही बंडी घेऊन निंगाल्यावर मागून काही झालं असंल. बोलली एक आन केलं एक. पेपरवाला खोटं काहून लिहीन? त्याचं तिच्याशी काय भांडण होतं?"

"काही नव्हतं."

"हाव, तेच तं."

त्या उठून आत गेल्या. येताना त्यांच्या हातात ट्रंकेतला कागद होता. मधोमध घडी, डाव्या कोपऱ्यात तेलाचा डाग. दिरानं ते कात्रण त्या दिवशी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलं होतं, घरातल्या सुनांना रोज दिसावं म्हणून. दीर वारल्यावर कमलाबाईंनी ते काढलं, पण फेकलं नाही. दिवाळीत ट्रंक आवरताना नातवानं गंमत म्हणून फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला. पुढं ते कुठं गेलं, त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"बंडी मी त्याच्यानंतर कधी हाकली नाही," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्ष या घरात कोनतं काम मले इचारून झालं नाही. दीर होता तोवर, मी काही बोलली का तो तिकडे बोट दाखवे. ते पाह्य, तुही मैत्रीण."

मी म्हटलं, ते सगळं माझ्यामुळे. ती बातमी खोटी होती, त्या बसल्या नव्हत्या. नातवाला फोनवर व्हिडिओही दाखवता येईल.

"मोबाइलवर काहीही येते," कमलाबाई म्हणाल्या. "आन तोंडानं तं तिनं बी सांगितलं होतं मले, दारात उभी राहून. मी मानलं नाही. आता तुमच्या तोंडाचं मानू तं तिचं काय चुकलं होतं?" त्यांनी कात्रण माझ्यासमोर धरलं. "हे छापून आलं होतं ना? मंग छापूनच आणा. मी याच्या बाजूले ठेवीन."

"ते वर्तमानपत्र बंद पडलं, बाई."

"दुसऱ्या कागदावर आणा. तुमच्या गावचा बी चालते. अक्षर छापील पाह्यजे आन खाली नाव पाह्यजे. याच्यावर नाव नव्हतं."

मी कबूल केलं. त्यांनी सूप उचललं, दाणे एका डब्यात ओतले आणि रस्त्याकडे मान न वळवता विचारलं, "ऑटोत कोन बसून आहे?"

"सुलोचनाताई."

"येऊन नाही राहिली काहून?"

"तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाल्या."

"खोड गेली नाही तिची." त्या अंगणातल्या नळापाशी गेल्या, पितळी लोटा विसळला, भरला आणि माझ्या हातात दिला. "नेऊन द्या. उन्हात बसून आहे. म्हणा, नळाचं आहे."

"आणि आत यायचं?"

"छापून आलं का मंग ये म्हणा."

मी लोटा दोन्ही हातांनी धरून रस्ता ओलांडला. निरोप जसाच्या तसा सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ताई ते पाणी वरून न पिता लोट्याला तोंड लावून प्यायल्या, सगळं. मग पदरानं तोंड पुसून विचारलं, "नळाचं म्हणे?"

"हो. अंगणातच आहे."

त्यांनी रिकामा लोटा मांडीवर घेतला. मी हात पुढे केला तर तो त्यांनी दिला नाही. "चला," त्या ऑटोवाल्याला म्हणाल्या. मला म्हणाल्या, "मीच परत करीन."

मी मागे वळून पाहिलं. कमलाबाई अंगणात उभ्या राहून पाहत होत्या. लोटा चालला हे त्यांना दिसत होतं.

तर, खुलासा. पस्तीस वर्षांपूर्वीच्या विधानसभा निवडणुकीत, आमच्या दैनिकाच्या डाक आवृत्तीत, अपक्ष उमेदवार सुलोचनाताई यांनी जाहीर सभेत दुसऱ्या उमेदवाराला पाठिंबा दिल्याची बातमी आली होती. ती खोटी होती. सुलोचनाताई त्या सभेत मी बसलेली नाही असं म्हणाल्या आणि शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. सभेच्या आधी किंवा नंतर त्यांनी कुणालाही पाठिंबा दिला नव्हता. बेसाच्या कमलाबाईंनी जे कानांनी ऐकलं तेच खरं होतं. ती बातमी मी सभेला न जाता लिहिली आणि ताईंनी मागितलेला खुलासा मीच छापू दिला नाही.

मधुकर ओझरकर, नाशिक.

हा अंक छापून हाती आला की दोन प्रती नागपूरला पाठवायच्या आहेत. एक बेसाला, ट्रंकेत ठेवायला. दुसरी कळमना रस्त्यावर, लोटा जिथं आहे तिथं.